संदर्भ दिला तरी मजकूर उडतो: विकिपीडियावरच्या स्रोतवादाचं समस्या निवारण

लक्षणं

- तुम्ही घातलेलं वाक्य काही तासांत गायब होतं. पानाच्या इतिहासात शेरा दिसतो: "संदर्भ नाही" किंवा "स्रोत विश्वसनीय नाही".
- वाक्य राहतं, पण त्याच्या शेवटी "संदर्भ हवा" अशी खूण लागते. काढली की परत लागते.
- दुवा दिलेला आहे, पण समोरचा सदस्य म्हणतो, "दुव्यात असं कुठे लिहिलंय?"
- एकच तारीख किंवा आकडा दोघं आलटून पालटून बदलतात आणि पुस्तक दोघांच्याही हातात आहे.
- बदल जतनच होत नाही. दुवा काळ्या यादीत असल्याचा संदेश येतो.
- चर्चा पानावर मूळ वाक्य बाजूला पडून एकमेकांची जात, पक्ष आणि हेतू निघू लागलेत.

शेवटचं लक्षण दिसत असेल तर तपासण्या सोडा आणि थेट "कुठे थांबायचं" हा भाग वाचा. बाकी पाचांसाठी खालच्या क्रमाने जा. हा क्रम मराठी विकिपीडिया डोळ्यांपुढे ठेवून लावला आहे, पण इंग्रजी किंवा हिंदीवरही फारसा बदलत नाही. स्वस्तातलं आधी, खर्चाचं आणि वेळखाऊ नंतर.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की असू द्या. यातले बहुतेक वाद वाक्य आणि त्याचा संदर्भ यांच्या सांध्यात झालेल्या बिघाडाचे असतात. समोरचा विचारतो, "हे वाचकाला कुठे तपासता येईल?" आणि आपण उत्तर देतो, "अहो, हे खरं आहे, आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे." प्रश्न एक, उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं. पुरावा देण्याची जबाबदारी मजकूर घालणाऱ्यावर किंवा काढलेला परत आणणाऱ्यावर असते, काढणाऱ्यावर नाही. एवढं मान्य केलं तरी अर्धी चिडचिड कमी होते.

१. इतिहास उघडा

पाच मिनिटांचं काम आहे, खर्च शून्य. "इतिहास पहा" वर जाऊन आपली आवृत्ती आणि नंतरची आवृत्ती यांतला फरक बघा. तीन गोष्टी शोधायच्या.

पहिली, मजकूर खरंच कोणी काढला आहे का? रेफ टॅग (संदर्भाच्या आधी आणि नंतर येणारी <ref> आणि </ref> ही खूण) बंद करायचा राहिला की पुढचा मजकूर पानावरून दिसेनासा होतो. स्रोत संपादनात तो जागच्या जागी असतो. अशा वेळी दुसऱ्यावर आरोप करणारा संदेश टाकून बसलात तर वाद फुकटचा सुरू होतो.

दुसरी, एकाच संपादनात तुम्ही किती गोष्टी बदलल्या? शुद्धलेखन, नवीन परिच्छेद, साच्यातला (ठरावीक रकान्यांच्या तयार चौकटीतला) आकडा आणि जुना संदर्भ काढणं, हे सगळं एका दमात केलं असेल तर एका चुकीच्या बदलापायी सगळंच उलटवलं जातं. उलटवणाऱ्याला तुमचे चार चांगले बदल वेचत बसायला वेळ नसतो. उपाय सोपा: एका संपादनात एकच दावा घाला, आणि सारांशात त्याच दाव्याचा स्रोत लिहा.

तिसरी, काढणाऱ्याचा शेरा. "संदर्भ नाही", "संदर्भात हे नाही" आणि "स्रोत चालणार नाही" हे तीन वेगळे बिघाड आहेत. पहिल्यासाठी स्रोत आणावा लागतो, दुसऱ्यासाठी वाक्य किंवा पानाचा क्रमांक दुरुस्त करावा लागतो, तिसऱ्यासाठी स्रोतच बदलावा लागतो. शेरा न वाचता तोच मजकूर तोच दुवा लावून परत चिकटवणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे.

जतनच होत नसेल तर दुवे एकेक करून काढून बघा. लघुरूप केलेले दुवे हमखास अडकतात. त्यांच्या जागी मूळ पत्ता टाका.

२. वाक्य आणि स्रोत शेजारी ठेवून वाचा

समजा वाक्य असं आहे: "कळसूबाई हे १६४६ मीटर उंचीचं महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर असून नवरात्रात तिथे देवीच्या दर्शनाला गर्दी होते." शेवटी एकच संदर्भ, आणि त्यात फक्त उंची. यात दावे तीन आहेत: उंची, सर्वोच्च असणं आणि नवरात्रातली गर्दी. तिसऱ्याला आधार नाही. कोणी तो काढला तर त्याचं चुकलं नाही. प्रत्येक दाव्याचा संदर्भ त्या दाव्यापाशी लावा, परिच्छेदाच्या शेवटी मोळी बांधून नको.

याच वाक्यावर दुसराही एक वाद होतो. एक जण १६४६ मीटर लिहितो, दुसरा ५४०० फूट. दोन्ही आकडे एकच आहेत, पण कोणीतरी ५४०० फुटांचं परत मीटरमध्ये रूपांतर करताना अपूर्णांक वेगळ्या प्रकारे सोडतो आणि तिसरा आकडा जन्माला येतो. स्रोतात ज्या एककात आकडा आहे तेच एकक आधी लिहा, रूपांतर कंसात.

भाषांतर साधनाने इंग्रजी लेख मराठीत आणला असेल तर ही तपासणी दुप्पट काळजीने करा. इंग्रजी वाक्यं मराठीत जोडली-तोडली जातात आणि संदर्भाचा आकडा भलत्याच वाक्याला जाऊन चिकटतो. शिवाय तो संदर्भ तुम्ही स्वतः वाचलेला नसतो. जे वाचलं नाही त्याचा हवाला देऊ नका. तो हवाला उद्या कोणी विचारला तर तुमच्याकडे उत्तर नसेल.

३. वर्तमानपत्राचा दुवा

मराठी पानांवर सर्वांत जास्त संदर्भ इथेच मरतात, म्हणून जरा सविस्तर.

ई-पेपरच्या पानाचा दुवा बहुधा टिकत नाही. काही दिवसांनी तो मुखपृष्ठावर नेतो, नाहीतर सदस्यत्व मागतो. बातम्यांच्या संकेतस्थळांची रचना बदलली की जुने पत्ते तुटतात. दोन हजारच्या दशकातली काही मराठी वृत्तपत्रांची पानं तर युनिकोडपूर्व फाँटमध्ये होती. ती आज उघडली तरी अक्षरांच्या जागी खिचडी दिसते, आणि तपासणारा प्रामाणिकपणे लिहितो, "दुव्यात हे नाही."

म्हणून नुसत्या दुव्यावर विसंबू नका. संदर्भात सहा गोष्टी हाताने भरा: वृत्तपत्राचं नाव, आवृत्ती, दिनांक, पान क्रमांक, बातमीचा मथळा, बातमीदाराचं नाव असेल तर ते. आवृत्ती अनेक जण विसरतात. एकाच दिवसाच्या पुणे आणि नागपूर आवृत्तीत बातमी वेगळ्या पानावर असते किंवा एकीत नसतेच. हे सहा तपशील असले की दुवा मेला तरी संदर्भ जिवंत राहतो, कारण ग्रंथालयातली फाईल काढून कोणीही तो पडताळू शकतो. स्रोत इंटरनेटवर असलाच पाहिजे असा नियम नाही. छापील स्रोत पूर्ण चालतो.

दुवा देताना त्याच वेळी तो इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये (संकेतस्थळांच्या पानांच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या मोफत सेवेत) जतन करा आणि जतन केलेला पत्ता साच्यातल्या "संग्रहित दुवा" रकान्यात टाका. आधीच मेलेला दुवा असेल तर तिथेच जुनी प्रत शोधा. मेलेला दुवा दिसला म्हणून वाक्य उडवू नका, ही विनंती उडवणाऱ्यांनाही आहे.

पत्ता टाकून संदर्भ आपोआप तयार करणारं बटण वापरलं असेल तर निकाल डोळ्यांखालून घाला. लेखकाच्या रकान्यात "टीम" किंवा संकेतस्थळाचं नाव येणं आणि बातमीच्या तारखेऐवजी पान अद्ययावत झाल्याची तारीख येणं नेहमीचं आहे.

४. पुस्तकाचा संदर्भ

लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, आवृत्ती, पृष्ठ. यातली आवृत्ती आणि पृष्ठ नसेल तर तो संदर्भ तपासता येत नाही. मराठी पुस्तकांच्या नव्या आवृत्त्यांत अक्षरजुळणी नव्याने होते आणि पानं सरकतात. पहिल्या आवृत्तीतलं पृष्ठ १४२ पाचवीत १५८ असू शकतं. समोरचा त्याच्या प्रतीत शोधतो, त्याला सापडत नाही, आणि तुम्ही खोटारडे ठरता. प्रकरणाचं नावही द्या, म्हणजे प्रत कुठलीही असली तरी जागा सापडते. विश्वकोश किंवा ज्ञानकोशाचा हवाला असेल तर खंड, नोंदीचं नाव आणि नोंदीखाली नाव असेल तर नोंदलेखक.

पुस्तक हाताशी नसेल तर तीन ठिकाणं आधी बघा. इंटरनेट अर्काइव्हवर भारतीय डिजिटल ग्रंथालयाची हजारो स्कॅन आहेत, पण शीर्षकं रोमन लिपीत आणि वेडीवाकडी नोंदवलेली आहेत. देवनागरीत काही मिळालं नाही तर दोन-तीन रोमन स्पेलिंगं करून बघा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची बरीच प्रकाशनं मंडळाच्याच संकेतस्थळावर मोफत आहेत. आणि तुमचं खातं सहा महिन्यांचं, ५०० संपादनांचं, गेल्या महिन्यात किमान १० संपादनं केलेलं आणि प्रतिबंध नसलेलं असेल तर विकिपीडिया लायब्ररीतून जेस्टोरसारखे (शोधनिबंधांचे) पैसे मोजावे लागणारे संग्रह फुकट उघडतात. हा हक्क असूनही न वापरणारे मराठी सदस्य पुष्कळ आहेत. कृपया वापरा.

गूगल बुक्सवर दिसणाऱ्या तीन ओळींच्या तुकड्यावरून संदर्भ देणं टाळा. तुकड्यात "हा किल्ला शिलाहारांनी बांधला" असं दिसतं आणि पुढच्या, न दिसणाऱ्या ओळीत "अशी समजूत आहे, पण तिला आधार नाही" असं असू शकतं. निदान मागचं-पुढचं एकेक पान वाचलेलं असावं.

अलीकडे एक नवा बिघाड वाढलाय: एआयने रचलेले संदर्भ. लेखक खरा, प्रकाशक खरा, पुस्तक मात्र अस्तित्वातच नाही. ओळखायची स्वस्त युक्ती म्हणजे आयएसबीएन. तेरा अंकी क्रमांकात पहिल्या अंकापासून आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून बेरीज करा. तिला दहाने पूर्ण भाग गेला पाहिजे. भारतात छापलेल्या पुस्तकाचा क्रमांक साधारणपणे ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होतो. बेरीज जमली म्हणजे पुस्तक आहेच असं नाही, पण जमली नाही तर क्रमांक नक्की चुकलाय. दुव्याच्या शेपटीला चॅटजीपीटीचं नाव लागलेलं असेल तर तो दुवा उघडून आतला मजकूर वाचल्याशिवाय ठेवू नका.

५. स्रोत कोणाचा आहे?

वरच्या चारही पायऱ्या ठीक असतील आणि तरी "स्रोत चालणार नाही" असं म्हटलं जात असेल तर प्रश्न जातकुळीचा आहे. सरळ सांगायचं तर हे चालत नाहीत: व्हॉट्सॲप, फेसबुक पोस्ट, वैयक्तिक ब्लॉग, दुसऱ्या भाषेतला विकिपीडिया, आणि गाजलेली ऐतिहासिक कादंबरी. कादंबरीवरून सर्वांत जास्त मनं दुखावतात. कादंबरीकाराने अभ्यास केलेला असतो हे खरं, पण अभ्यास कुठे संपतो आणि कल्पना कुठे सुरू होते हे कादंबरीत खुणावलेलं नसतं. त्या कादंबरीकाराने ज्या साधनांवरून लिहिलं ती शोधा.

स्मरणिका, गौरवग्रंथ, जातिसंस्थांच्या पुस्तिका आणि देवस्थानांची माहितीपत्रकं हा मधला प्रदेश आहे. संस्था कधी स्थापन झाली, उत्सव कधी असतो, एवढ्यापुरत्या त्या चालतात. अमुक संत आमच्याच जातीचे किंवा हे मंदिर पांडवकालीन आहे, याला त्या पुरेशा नाहीत. तिथे स्वतंत्र, संपादित, त्या विषयातल्या माणसाने लिहिलेला स्रोत लागतो.

ज्याच्यावर पान आहे त्या व्यक्तीचं म्हणणंही आपोआप प्रमाण होत नाही. २०१२ मध्ये अमेरिकन लेखक फिलिप रॉथ यांना स्वतःच्याच कादंबरीच्या प्रेरणेबद्दलची माहिती विकिपीडियावर बदलायची होती. त्यांच्या बाजूने केलेली दुरुस्ती दुय्यम स्रोत (म्हणजे दुसऱ्या कोणी लिहिलेला, प्रकाशित आधार) मागून थांबवण्यात आली. त्यांनी न्यूयॉर्करच्या संकेतस्थळावर खुलं पत्र लिहिलं, आणि मग त्या प्रकाशित पत्राचा हवाला देऊन पान बदललं. तुमच्या ओळखीच्या लेखकाची, कलाकाराची किंवा काकांची माहिती चुकीची असेल तर वाट हीच: आधी ती नाव-तारखेसह कुठेतरी प्रकाशित होऊ द्या.

शिलालेख, वीरगळ आणि ताम्रपट यांचंही तसंच. तुम्ही काढलेला फोटो कॉमन्सवर (विकिपीडियाच्या मोफत चित्रसंग्रहावर) जरूर चढवा, त्याचं मोल मोठं आहे. पण तुम्ही स्वतः केलेलं वाचन लेखात घालता येत नाही. भारत इतिहास संशोधक मंडळाच्या त्रैमासिकासारख्या ठिकाणी वाचन छापून आलं असेल तर ते द्या. गावोगावची दैवतं, जत्रा आणि परंपरा यांबद्दल छापील काहीच नसतं, आणि या नियमामुळे आपल्याकडचं खूप काही बाहेर राहतं. ही खरी उणीव आहे, तिचं दुःख होतंच. पण ती एखाद्या पानावर भांडून भरून निघत नाही. स्थानिक अभ्यासकाला लिहायला लावून, नियतकालिकाला छापायला लावून भरते.

६. स्रोत फिरून आपल्याकडेच येतोय का?

बातमी तुमचं वाक्य शब्दशः सांगते, म्हणून पुरावा मिळाला असं वाटतं. आधी तारखा जुळवा. ते वाक्य विकिपीडियावर कधी आलं आणि बातमी कधी छापली? वाक्य आधीचं आणि बातमी नंतरची असेल तर बातमीदाराने विकिपीडियावरूनच उचललं असण्याची शक्यता दाट. २००९ मध्ये जर्मनीत गुटेनबर्ग अर्थमंत्री झाले तेव्हा विकिपीडियावरच्या त्यांच्या लांबलचक नावात कोणीतरी "विल्हेल्म" घुसवलं. वृत्तपत्रांनी ते तसंच छापलं आणि मग त्याच वृत्तपत्रांचा दाखला देऊन विकिपीडियावर ते नाव खरं ठरवलं जाऊ लागलं. उपाय एकच: पानावर वाक्य येण्याआधी छापलेला स्रोत शोधा. नाही सापडला तर वाक्य काढून चर्चा पानावर ठेवा.

७. दोन चांगले स्रोत, दोन उत्तरं

ही सर्वांत कठीण तपासणी. आधी बघा, फरक खरा आहे की मोजण्याचा?

गावाच्या लोकसंख्येवर भांडण असेल तर एकाकडे २०११ च्या जनगणनेचा आकडा असतो, दुसऱ्याकडे ग्रामपंचायतीच्या फलकावरचा. आकड्याशेजारी वर्ष लिहा आणि जनगणनेतला गावाचा सहा अंकी संकेतांक जुळवा, कारण पिंपळगाव आणि वडगाव नावाची गावं ढीगभर आहेत.

तारखांचं गणित जास्त फसवं. शकाचं इसवी सन करताना चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुनाच्या शेवटापर्यंत ७९. फाल्गुनाला ७८ मिळवले की वर्ष एकाने चुकतं. त्यात पोर्तुगालने ग्रेगरियन दिनदर्शिका १५८२ मध्येच घेतली आणि इंग्लंडने १७५२ मध्ये. म्हणून सतराव्या शतकातल्या एकाच घटनेची तारीख गोव्याच्या पोर्तुगीज पत्रात आणि सुरतेच्या इंग्रज पत्रात दहा दिवसांनी वेगळी येते. शिवाय इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू व्हायचं. सुरतेची पहिली लूट जानेवारी १६६४ ची, पण जुन्या इंग्रजी कागदात वर्ष १६६३ दिसू शकतं. दोन्ही स्रोत बरोबर, भांडण मात्र महिनाभर चाललेलं.

शिवाजी महाराजांच्या जन्मतारखेत दोन्ही प्रकारचे फरक एकत्र आहेत. जेधे शकावली आणि शिवभारत या जुन्या साधनांनुसार शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. ही ज्युलियन तारीख आहे. ग्रेगरियननुसार तोच दिवस १ मार्च १६३० येतो. हा फरक मोजण्याचा. काही उत्तरकालीन बखरींत वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे १६२७ मिळतं. हा फरक खरा, साधनांमधला. राज्य शासनाने २००१ मध्ये १९ फेब्रुवारी १६३० मान्य केली, त्यामुळे माहितीचौकटीत (लेखाच्या बाजूच्या थोडक्यात माहितीच्या चौकटीत) ती येते. १६२७ चा उल्लेख लेखाच्या आत, कोणत्या साधनात आहे ते नाव घेऊन, एका वाक्यात करा. दोन्हींची सरासरी काढू नका आणि "काहींच्या मते" असंही लिहू नका. काही म्हणजे कोण, हे वाचकाला कळलं पाहिजे. घटनेच्या जवळच्या काळातल्या साधनाला आणि आजच्या अभ्यासकांत बहुमान्य असलेल्या मताला जास्त जागा, बाकीच्यांना त्यांच्या वजनाइतकी.

चर्चा पानावर काय लिहायचं

सात तपासण्या झाल्या तरी वाद उरला तर चर्चा पानावर नवा विभाग काढा आणि एवढंच लिहा:

"लेखातलं वाक्य: (जसंच्या तसं). माझा स्रोत: (लेखक, पुस्तक, आवृत्ती, पृष्ठ). स्रोतातली मूळ ओळ: (दोन-तीन ओळी). सुचवलेलं नवं वाक्य: … सात दिवस वाट पाहतो."

मग समोरच्या सदस्याला साद घाला, म्हणजे संदेशात त्याच्या सदस्यनावाचा दुवा द्या, त्याला सूचना जाते. सबंध पानाचा फोटो टाकू नका, प्रताधिकाराचा प्रश्न येतो. उतारा दोन-तीन ओळींचा पुरतो. त्या सात दिवसांत लेखाला हात लावू नका.

कुठे थांबायचं

इंग्रजी विकिपीडियावर एकाच पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवलं तर प्रतिबंध येऊ शकतो. तुम्ही मात्र कुठल्याही विकीवर दुसऱ्यांदा उलटवल्यावरच थांबा. बाजू बरोबर असली तरी संपादनयुद्धात ती ऐकली जात नाही. आधी चावडीवर (सगळ्या सदस्यांच्या सामायिक चर्चेच्या पानावर), वादात नसलेल्या सदस्यांचं मत मागा. तिथे सुटलं नाही तर प्रचालकांकडे (पान सुरक्षित करण्याचे, प्रतिबंध घालण्याचे अधिकार असलेल्या सदस्यांकडे) जा.

खालच्या गोष्टी दिसल्या तर मात्र वरच्या तपासण्या करत बसू नका.

हयात व्यक्तीबद्दल बिनसंदर्भाचा बदनामीकारक मजकूर असेल तर तो लगेच काढा आणि प्रचालकांना कळवा. यात चर्चेची वाट पाहायची नसते. कोणाचा पत्ता, फोन किंवा आधार क्रमांक पानावर आला असेल तर चर्चा पानावर त्याचा उल्लेखही करू नका, तेवढ्याने तो आणखी पसरतो. इतिहासातूनही लपवण्याचे अधिकार असलेल्यांना, आणि तुमच्या विकीवर ते नसतील तर मेटा-विकीवरच्या (सगळ्या विकींच्या समन्वयाच्या संकेतस्थळावरच्या) स्ट्यूअर्डना, म्हणजे सगळ्या विकींवर विशेष अधिकार असलेल्या सदस्यांना, खासगी ईमेल करा. कोर्टाची किंवा पोलिसांची धमकी आली तर उत्तर देऊ नका, तो संदेश जसाच्या तसा विकिमीडिया फाउंडेशनच्या कायदा विभागाकडे पाठवा. तुम्ही संस्थेचे नोकर असाल किंवा पैसे घेऊन लिहीत असाल तर लेख स्वतः बदलू नका. वापराच्या अटींनुसार ते उघड करणं बंधनकारक आहे, आणि बदल चर्चा पानावर सुचवायचा असतो.

प्रचालकांकडे जाताना पानाचं नाव, वादातलं वाक्य, दोन्ही बाजूंचे स्रोत, उलटवलेल्या संपादनांचे फरक-दुवे आणि चर्चा पानावरच्या विभागाचा दुवा सोबत द्या. समोरच्या सदस्याच्या स्वभावाबद्दल एक शब्दही लिहू नका. तो वाचून प्रचालकाला वाक्य ठेवायचं की काढायचं हे ठरवता येत नाही.